हार घालण्याआधीचं तैलचित्र

मा. संपादक,
स. न.

गेल्या रविवारच्या आपल्या लग्नसराई पुरवणीत आहेराच्या पानावर एक चौकट आहे. नवरा-नवरीचा मोबाइलमधला फोटो पाठवायचा, दहा मिनिटांत त्याचं ‘तैलचित्र’ होतं, आणि कॅनव्हासवर छापून, फ्रेम करून हजार रुपयांच्या आत घरपोच येतं, असं त्यात म्हटलंय. वस्तू वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. परवडते, भिंतीवर शोभेल, आणि सहावा मिक्सर देण्यापेक्षा बरीच. माझी तक्रार एका शब्दापुरती आहे. यात तेल कुठं आहे? छपाईच्या शाईला तैलचित्र म्हणायचं, तर कॅलेंडरावर छापलेल्या पुरणपोळीला नैवेद्य म्हणावं लागेल.

मी कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात ३१ वर्षं चित्रकला शिकवली. म्हणजे एलिमेंटरी-इंटरमीजिएटला पोरं बसवली, गॅदरिंगचे पडदे रंगवले, फळ्यावर सुविचार लिहिले आणि दहावीच्या वर्गाचा माझा तास दर जानेवारीत गणिताच्या सरांना देऊन टाकला. संध्याकाळी घरी पोर्ट्रेटची कामं घ्यायचो. त्यांची नोंद एका वहीत आहे. आपली पुरवणी वाचल्यावर ती वही काढून बसलो. एकूण २१४ पोर्ट्रेटं. त्यांतली जिवंत माणसं किती? नऊ. त्या नऊमध्येही पाच जण साखर कारखान्याचे संचालक. उरलेल्या २०५ जणांपैकी बहुतेकांना मी कधी पाहिलेलंच नव्हतं. कुणाचा आधारकार्डासाठी काढलेला फोटो आला, कुणाचा लग्नातल्या पंगतीतून कापून काढलेला, कुणाचा नुसता धुरकट डाग. आणि निरोप ठरलेला, ‘सर, तेराव्याला पाहिजे.’ तेरा दिवसांत माणसाचं सुतक फिटतं, ऑइल पेंटिंग वाळत नाही, हे सांगून मी थकलो.

आपल्याच पेपरात बघा. ‘तैलचित्राचे अनावरण’ अशी बातमी ज्याची येते, तो ती वाचायला नसतो. आपल्याकडं पोर्ट्रेट करून घ्यायचं तर माणसाला आधी मरावं लागतं.

माझंही तसंच चाललं होतं. मागच्या आषाढात माझ्या मित्राचं लग्न झालं आणि त्या लग्नानं माझी वही बिघडवली. मित्राचं वय ५९, वहिनींचं ५५.

मित्र पॅटर्न मेकर आहे. शिवाजी उद्यमनगरात त्याचं लहानसं वर्कशॉप. फौंड्रीत बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतण्याआधी वाळूत जो साचा उठवतात, त्यासाठी लाकडाचा नमुना लागतो. तो करणारा हा माणूस. नमुना हुबेहूब असतो असं बाहेरच्यांना वाटतं, पण तसा असून चालत नाही. बीड थंड होताना आकसतं, म्हणून नमुना मीटरमागं साधारण दहा मिलिमीटर मोठा धरावा लागतो. त्यासाठी या लोकांची मोजपट्टीच वेगळी असते. तिच्यावरचा मीटर तुमच्या-आमच्या मीटरपेक्षा लांब. मला तो नेहमी म्हणतो, “तुझं बरं हाय मास्तर. तुझं काम वाळल्यावर लहान होत न्हाई.”

पहिल्या वहिनी, म्हणजे त्याची पहिली बायको, सात वर्षांपूर्वी गेल्या. पंचवीस वर्षं मी त्या घरी जेवलो. त्यांचंही पोर्ट्रेट मीच केलं, वहीत १९७ नंबरला आहे. त्याच्याकडं परत येतो.

लेक पुण्याला नोकरी करते. तिनंच बापाच्या मागं लागून हे दुसरं लग्न जमवलं. नव्या वहिनी सरकारी दवाखान्यात सिस्टर आहेत. आईचं करता करता लग्न राहून गेलं, असं त्या स्वतःच सांगतात, आणि त्यात रडगाणं नसतं. दोघांनाही मांडव, वाजंत्री, अक्षता काही नको होतं. नोंदणी पद्धतीनं करायचं ठरलं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे विवाह अधिकाऱ्याकडं नोटीस द्यायची, ती तीस दिवस फलकावर लागते, कुणाची हरकत आली नाही की तीन साक्षीदारांच्या समोर सह्या. साक्षीदारांतला एक मी. नोटीस दिली त्याच संध्याकाळी मी मनाशी ठरवलं, की आहेर पोर्ट्रेटचा. दोघांचं एकत्र, ३० बाय ३६ इंच. दिवस तीस, आणि बाहेर कोल्हापूरचा पाऊस.

हे गणित किती चुकीचं होतं, ते चित्रकारांना सांगायला नको, पण आपल्या वाचकांसाठी सांगतो. जलरंगातलं पाणी उडून जातं आणि चित्र तासाभरात वाळतं. तैलरंगात जवसाचं तेल असतं. ते उडत नाही. हवेतला ऑक्सिजन धरत धरत हळूहळू घट्ट होतं. पातळ थर आठवड्यात हाताला लागेनासा होतो, जाड थराला महिने लागतात, दमट हवेत त्याहून जास्त. शिवाय थरावर थर चढवायचा तर नियम असा, की खालच्या थरात टर्पेंटाइन जास्त ठेवायचं आणि वर जाताना तेल वाढवायचं. उलटं केलं तर वरची साय आधी धरते, खालचा रंग मागाहून हलतो आणि पाच-दहा वर्षांत नवरदेवाच्या गालाला भेगा पडतात. मी खालची सगळी मांडणी बर्न्ट अंबरमध्ये केली, कारण अंबरमध्ये मँगनीज असतं आणि तो रंग लवकर वाळतो. सगळ्यांत आळशी रंग म्हणजे क्रिमसन आणि आयव्हरी ब्लॅक. वहिनींनी पोर्ट्रेटसाठी साडी कुठली निवडावी? डाळिंबी, काळ्या काठाची.

सकाळी उठून तुमच्या पेपरात राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघायची आणि मग माडीवर जाऊन कॅनव्हासच्या कोपऱ्याला करंगळी लावायची, हा माझा महिनाभराचा नेम झाला. पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं रोज सरकत होती. डाळिंबी रंग जागचा हलत नव्हता.

खरं तर मला हे गुपचूप करायचं होतं. कॅनव्हास ताणायची चौकट मी नवरदेवाकडूनच करून घेतली. कशाला ते सांगितलं नाही. त्यानं जुन्या सागवानाची, कोपऱ्यांत पाचरी ठोकता येतील अशी, इतकी काटकोनात चौकट दिली की तसली मला बाजारात कधी मिळाली नाही. मजुरी घेतली नाही. म्हणजे आहेराचं लाकूड नवरदेवाच्याच खर्चानं आलं.

मग लेकीकडून व्हॉट्सॲपवर फोटो मागवले आणि कामाला लागलो. तीन दिवस घासलं. नाक, डोळे, जिवणी सगळं मोजून बरोबर, पण समोर जो बसला होता तो मित्राचा चुलतभाऊ वाटत होता. चित्रातला माणूस तोच वाटणं, याला आम्ही लोक ‘लाइकनेस येणं’ म्हणतो. माप जुळलं तरी ती येईलच असं नाही. हातभर अंतरावरून मोबाइलनं फोटो काढला की नाक मोठं होतं आणि कान मागं पळतात. मुलांना मी हे वर्गात शिकवलंय, की चेहरा बघायचा तर निदान पाच-सहा फूट लांब उभं राहा. आणि स्वतः त्याच खड्ड्यात पाय घातला. २०५ पोर्ट्रेटांत ही चूक कुणी पकडली नव्हती, कारण पकडणारा माणूस फोटोत होता. या खेपेला तो उद्यमनगरात होता, सायकलनं वीस मिनिटांवर. चौथ्या दिवशी पॅलेट नाइफनं सगळं खरवडलं आणि सांगायला गेलो, की दोघंही माझ्याकडं येऊन बसा.

त्याचं पहिलं वाक्य, “मी अजून मेलो न्हाई की लेका.”

वहिनींनी विचारलं, “किती वेळ? आणि मधे पाणी प्यायला उठलं तर चालेल का?”

मंगळवार पेठेत माझ्या घराच्या माडीला उत्तरेकडं खिडकी आहे. उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही, त्या खिडकीतून ऊन सहसा थेट आत येत नाही, म्हणून पोर्ट्रेटवाल्यांना ती लागते. आषाढात मात्र चारही दिशा सारख्याच करड्या. दुपारी चारला अंधारून यायचं आणि दिवा लावला की कातडीचा रंग पिवळा पडायचा. म्हणून सकाळी नऊ ते अकरा, तेवढीच वेळ. एकंदर सात सकाळी मिळाल्या. तीनदा दोघं एकत्र, बाकी आळीपाळीनं, वहिनींच्या ड्युटीप्रमाणे.

मित्राला पहिल्या दिवशी दहा मिनिटंसुद्धा धड बसता आलं नाही. हाताला काम नाही म्हटल्यावर त्याचे डोळे कामाला लागले. एक डोळा मिटून तो मलाच मापायला लागला. मग उठून कॅनव्हासपाशी आला. “नाक उलट्या बाजूला गेलंय माझं.” मी म्हटलं, “बरोबर आहे. तू स्वतःला रोज आरशात बघतोस. आम्ही सगळे तुला सरळ बघतो.” एवढं सांगून मी आरसा आणायला निघालो होतो, तर तो म्हणाला, “नको. कळलं. साचा उलटाच असतोय की.” ज्यानं आयुष्यभर वाळूत पोकळ्या उठवल्या त्याला उलट-सुलट मी काय शिकवणार?

मग तो खुर्चीत जाऊन बसला आणि बराच वेळ गप्प. मी कपाळावर काम करत होतो. खिडकीकडं बघत तो म्हणाला, “हिच्या फोटोत पण तसंच झालंय. चमकी उजवीकडं आलीय.”

‘हिच्या’ म्हणजे पहिल्या वहिनींच्या. १९७ नंबर. ते पोर्ट्रेट मी लेकीनं काढलेल्या सेल्फीवरून केलं होतं. मोबाइलचा पुढचा कॅमेरा कधी कधी आरशासारखा उलटा फोटो साठवतो. फोटो नुसत्या चेहऱ्याचा होता, पदर मी मनानं डाव्या खांद्यावर घातला, म्हणून शंका आली नाही. चमकी फोटोत जिथं दिसली तिथं, उजव्या नाकपुडीवर ठेवली. पंचवीस वर्षं ज्या बाईच्या हातचं जेवलो, तिच्या नाकात चमकी कुठल्या बाजूला होती हे मला फोटोला विचारावं लागलं, आणि फोटोनं खोटं सांगितलं. मित्रानं ते पोर्ट्रेट घरी नेलं त्याच दिवशी ओळखलं होतं. सहा वर्षं बोलला नाही.

मी ब्रश खाली ठेवला. तो म्हणाला, “ठेवू नको. वाळंल ते.”

त्या दिवशीचं काम बरं झालं, हे सांगायला मला थोडी लाज वाटते. पण झालं. डाव्या भुवईखाली जी सावली मी तीन दिवस फोटोत शोधत होतो, ती त्या अर्ध्या तासात आली.

वहिनींची तऱ्हा वेगळी. पहिल्या दिवशी त्या रात्रपाळी करून थेट आल्या. रिक्षातून उतरल्या त्या भिजलेल्या, पिशवीत डाळिंबी साडी. आतल्या खोलीत बदलून आल्या आणि खुर्चीत अशा ताठ बसल्या, जणू राउंड येणार आहे. पाच मिनिटांनी विचारलं, “मी काय करू?” मी म्हटलं, “काही नाही.” त्या हसल्या. “ते मला येत नाही.” पुढं जरा वेळानं म्हणाल्या, “आम्ही पेशंटकडं बघतो म्हणजे नाडी बघतो, सलाइन बघतो, चार्ट बघतो. आमच्याकडं असं तासभर कुणी बघत नाही हो.” मग विसाव्या मिनिटाला त्यांना झोप लागली. मी उठवलं नाही. चेहरा सोडून हात करायला घेतले. हात चेहऱ्याहून अवघड असतात. एरवी माणसं ते आवळून तरी धरतात नाहीतर मुद्दाम सैल सोडतात. झोपलेल्या माणसाचे हात खरे पडलेले असतात. पाऊण तासानं दचकून जाग्या झाल्या आणि पहिला शब्द, “कुणी बोलावलं का?” पोर्ट्रेटमधले हात त्या पाऊण तासाचे आहेत. नंतर मी त्यांना ब्रश लावला नाही.

एका हातावरून आमचं थोडं वाजलं. मित्राच्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं वरचं पेर पट्टीच्या करवतीत गेलंय, तरुणपणीच. मी सवयीनं तो हात उजव्या हाताखाली सरकवून काढला होता. २०५ जणांचे देवीचे वण, तिरळेपणा, पुढं आलेले दात मी असेच हळूच पुसले आहेत. नातेवाइकांना तेच हवं असतं, आणि मेलेला माणूस वाद घालत नाही. वहिनी तिसऱ्या एकत्र बैठकीत कॅनव्हाससमोर उभ्या राहिल्या. “यांचं बोट कुठंय?” मी काहीतरी रचनेचं, तोलाचं कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, “सर, मी या बोटाशी लग्न करतेय.” मित्र लाजला. एकोणसाठाव्या वर्षी माणसाच्या कानाच्या पाळ्या लाल होतात, हे मी त्या दिवशी पाहिलं आणि तिथं थोडा क्रिमसन लावला. बोट वर आणलं. त्यासाठी अख्खा डावा हात पुन्हा करावा लागला, वाळायला आणखी आठ दिवस जाणार हे माहीत असताना.

आता कुणी म्हणेल, मास्तरांनी स्वतःच्या हौसेचं कौतुक चालवलंय. म्हणोत. पण जिवंत माणसाला समोर बसवून काम करायची रीत काही माझी नाही. आमचं शहर कलामहर्षी बाबूराव पेंटरांचं. इथं ‘पेंटर’ हे आडनावासारखं मानानं लावतात. टाउन हॉलच्या बागेत ‘रंगबहार’ या कलासंस्थेची मैफल भरते तेव्हा चित्रकार लोकांसमोर जिवंत माणूस बसवून पोर्ट्रेट करतात आणि मागं गर्दी श्वास रोखून उभी असते. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये हातात दिवा धरलेल्या स्त्रीचं ते प्रसिद्ध चित्र आहे, ‘ग्लो ऑफ होप’. पुष्कळ लोक ते राजा रविवर्म्याचं म्हणून सांगतात, तैलचित्र म्हणून सांगतात. ते सावळाराम हळदणकरांचं आहे आणि जलरंगातलं आहे. दिवा धरून उभी राहिलेली मुलगी म्हणजे त्यांची स्वतःची कन्या, गीता. पुढं त्या आमच्या कोल्हापुरातच राहिल्या आणि २०१८ मध्ये, वयाच्या १०२ व्या वर्षी गेल्या. दिव्याचा उजेड बोटांतून लालसर कसा झिरपतो ते ज्यानं काढलं, त्याच्यासमोर खरी बोटं होती. वासुदेव कामतांना २००६ साली अमेरिकेतल्या पोर्ट्रेट सोसायटीचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं, ते त्यांनी आपल्या पत्नीच्या केलेल्या पोर्ट्रेटला. माझी लायकी या लोकांचे ब्रश धुण्याचीही नाही, पण त्यांनी कुणाकडं बघितलं ते तर बघता येतं.

लग्नाचा दिवस उजाडला तेव्हा चेहरे वाळले होते, पार्श्वभूमी वाळली होती, साडी ओली होती. सकाळी कचेरीत सह्या झाल्या. माझ्या अंगठ्याचा ठसा यंत्राला पटेना. महिनाभर टर्पेंटाइननं हात धुऊन रेषा गेल्या होत्या. चौथ्या खेपेला पटला. दुपारी मित्राच्या वर्कशॉपच्या मागच्या शेडमध्ये पन्नासेक माणसांचं जेवण. मी पोर्ट्रेट रिक्षात उभं धरून, प्लास्टिकचा कागद चित्राला लागणार नाही असा छत्रीसारखा धरून नेलं आणि शेडच्या टोकाला स्टुलावर, भिंतीला टेकवून ठेवलं. लोक येऊन बघत होते, मागं सरकत होते, पुन्हा पुढं येत होते. मला बरं वाटत होतं. पानं मांडायला लागले म्हणून मी हात धुवायला गेलो.

परत आलो तर पोर्ट्रेटला हार घातलेला.

झेंडूचा, चांगला जाडजूड. गावाकडचे एक वयस्कर पाहुणे होते. एक हार उरलेला दिसला, समोर फ्रेममधली माणसं दिसली, त्यांनी सवयीनं घातला आणि वर हातही जोडले. त्यांची काही चूक नाही. फ्रेममधल्या माणसाला आणखी काय करतात? शेडमध्ये अशी शांतता झाली की पत्र्यावरचा पाऊस मोठा झाल्यासारखा वाटला. लेकीचा चेहरा उतरला. पाहुण्यांना उशिरा कळलं आणि त्यांना कुठं तोंड लपवू असं झालं. त्यांचा हात थरथरताना मी पाहिला.

वहिनी उठल्या. ड्युटीवर असल्यासारख्या चालत गेल्या, दोन्ही हातांनी हार अलगद वर उचलला आणि पाहुण्यांना म्हणाल्या, “काका, रंग ओला आहे अजून. हार खराब होईल.” आणि तो हार त्यांनी आणून माझ्या गळ्यात घातला. मित्र एवढ्या मोठ्यानं हसला की पंगत सुरू झाली. पाहुणे काकांना वहिनींनी स्वतःच्या शेजारी बसवलं आणि दोनदा जिलेबी वाढली.

साडीच्या निऱ्यांवर मात्र हाराची खूण उमटली होती आणि झेंडूच्या चार-पाच पाकळ्या डाळिंबी रंगात रुतल्या होत्या. ओल्या रंगाला हात लावला तर आणखी बिघडतो, म्हणून तशाच ठेवल्या.

रंग, कॅनव्हास, बाहेरची फ्रेम धरून मला साडेसहा हजार खर्च आला. एवढ्यात आपल्या पुरवणीतली सहा ‘तैलचित्रं’ आली असती. माझ्यासारख्या पेन्शनरला तो खर्च जाणवला, खोटं कशाला बोलू? लोक हौसेनं विचारतात, ‘सर, आमच्या पोराच्या लग्नाला असंच एक काढून द्या की, मित्रच ना तुम्ही.’ त्यांना मी हल्ली किंमत सांगत नाही. विचारतो, नवरा-नवरी सात सकाळी येऊन बसतील का? अजून कुणी हो म्हणालेलं नाही. एका मुलीनं मात्र लग्नाचं नको, पण आजीला आणू का, असं विचारलंय. आजी ८३ वर्षांची आहे आणि तिला बसून राहायचा सराव आहे, असं ती म्हणाली. दिवाळीनंतर सुरू करतोय. वहीत ती दहावी जिवंत नोंद होईल. नाही, दहावी आणि अकरावी म्हणजे मित्र आणि वहिनी धरले तर बारावी. आहेराचं चित्र वहीत लिहायचं राहूनच गेलं होतं.

ऑइल पेंटिंगला वार्निश लगेच मारत नाहीत. रंग आतपर्यंत वाळायला सहा महिने, वर्ष जावं लागतं. म्हणून मी मित्राला सांगून ठेवलं होतं, की माझा आहेर अजून पुरा झालेला नाही, पुढच्या वर्षी येऊन पुरा करीन. गेल्या महिन्यात, पाऊस उघडल्यावर डबा-ब्रश घेऊन गेलो. चित्र खाली उतरवलं. पाकळ्या वाळून काळपट झाल्या होत्या. राहू द्या, आठवण आहे, असं लेक फोनवर म्हणत होती. पण वार्निशखाली फुलाची पाकळी ठेवली तर तिला बुरशी धरते, मग ती रंगालाही खाते. सुरीच्या टोकानं एकेक काढली. खड्डे राहिलेत निऱ्यांवर. ते बुजवले नाहीत.

वार्निश मारून आडवं ठेवलं, धूळ बसू नये म्हणून वर पुठ्ठा धरला आणि चहाला बसलो. तेवढ्यात वहिनी आतल्या खोलीतून आल्या. हातात १९७ नंबर होता, चंदनाचा हार काढून ठेवलेला, काच पुसलेली. माझ्यासमोर टेबलावर ठेवून म्हणाल्या, “सर, आलाच आहात तर यांची चमकी डावीकडं करून द्या.”

मित्र चहा ओतत होता. वर बघितलं नाही.

उजवीकडची चमकी मी तिथंच खरवडली. सात वर्षांचा रंग, कडक झाला होता. नाकपुडीची कातडी जुळवायला यलो ऑकर आणि थोडा व्हर्मिलियन लागला. डावीकडं कुठं नेमकी, भोक किती वर, हे मित्रानं स्वतःच्या नाकावर पेन्सिलचं टोक टेकवून दाखवलं. अर्ध्या मिलिमीटरवरून त्यानं मला दोनदा बदलायला लावलं. चमकीचा हायलाइट अजून ओला आहे. तोवर त्या पोर्ट्रेटला हार घालू नका असं सांगून आलोय.

तेव्हा शब्दाचं तेवढं बघा. त्या वस्तूला ‘कॅनव्हासवर छापलेला फोटो’ म्हणा, चालेल.

कळावे,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर

(नाव छापू नये. मित्र रोज आपला पेपर वाचतो. ओळखणार आहेच, पण निदान उद्यमनगरात गवगवा नको.)